गोष्ट लिहायला लावण्याआधी ती सांगू द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागातील काही प्राथमिक शाळांच्या कथालेखन स्पर्धेचे कागद तपासण्यासाठी मला बोलावले होते. स्पर्धा तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी होती आणि फळ्यावर मुद्दे लिहून दिलेले होते : गरीब शेतकरी, शाळेत जाणारा मुलगा, वाटेत पैशांची पिशवी सापडणे, मालकाचा शोध, बक्षीस, तात्पर्य. मुलांनी या मुद्द्यांच्या मधल्या जागा क्रियापदांनी भरल्या होत्या. निम्म्याहून अधिक कागदांवर शीर्षकही एकच होते, ‘प्रामाणिकपणाचे फळ’. चौथीतल्या एका मुलीने मात्र असे लिहिले होते की, पिशवी पावसात भिजली होती, म्हणून घरी आणल्यावर आईने नोटा भाकरीच्या दुरडीत पसरल्या आणि कोंबड्या टोचतील म्हणून वर फडके टाकून आजीला राखणीला बसवले. पुढे मालक आला, त्याने पिशवी घेतली ‘आणि ओट्यावर बसून सगळ्या नोटा मोजल्या’. तिची गोष्ट तिथे संपली होती. सोबतच्या परीक्षकांनी विषयांतर केले म्हणून दोन गुण आणि तात्पर्य नाही म्हणून आणखी दोन गुण कापले. मी माझे मत मांडून पाहिले, पण गुणदानाचा तक्ता आधीच ठरलेला होता. मुलीला उत्तेजनार्थही क्रमांक मिळाला नाही. त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळते आहे.

मी माण आणि खटाव तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षे शिकवले, त्यातील बहुतेक वर्षे द्विशिक्षकी शाळांत. तेव्हा हे पत्र कोणावर दोष ढकलण्यासाठी लिहीत नाही. माझी पहिली दहा-बारा वर्षे मीही असेच मुद्दे फळ्यावर लिहिले, लाल शाईने तात्पर्य तपासले आणि वर्गातील सगळ्या वह्यांत एकच गोष्ट निघाली की ‘मुलांना छान जमले’ असे समाधान मानले. मुद्द्यांवरून गोष्ट लिहिण्याचा हा साचा खालच्या वर्गांत वरून झिरपत येतो. दहावीच्या उपयोजित लेखनात कथालेखन आहे. तिथे मुद्दे, शीर्षक आणि तात्पर्य यांची तयारी करून घेणारी गाईडे बाजारात मिळतात आणि तीच पद्धत हळूहळू चौथीच्या वहीत उतरते. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला मुद्द्यांचा विस्तार करता यावा, ही अपेक्षा गैर नाही. परंतु आठ वर्षांच्या मुलाला गोष्टीची ओळखच या सांगाड्यातून करून दिली, तर गोष्ट म्हणजे दुसऱ्याने योजलेला आणि आपण फक्त सुवाच्य अक्षरात लिहून काढायचा मजकूर, अशी त्याची समजूत होते आणि ती पुढे सहजासहजी जात नाही.

वस्तुतः याच मुलांना गोष्ट येत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. सोमवारी सकाळी परिपाठाला उभ्या असलेल्या मुलांच्या ओळीत शेवटी कान द्यावा. आठवडी बाजारात विकायला नेलेली म्हैस दावे तोडून कशी पळाली, बापू तिच्या मागे आणि गिऱ्हाईक बापूच्या मागे कसे धावले, हे दुसरीतला मुलगा दोन्ही हात वापरून, आवाज बदलून, मध्ये थांबून आणि ऐकणाऱ्यांची उत्सुकता ताणून सांगत असतो. त्यालाच वर्गात ‘म्हशीविषयी लिही’ म्हटले की वहीत उतरते : ‘म्हैस काळी असते. म्हैस दूध देते. म्हैस उपयोगी प्राणी आहे.’ याचे कारण अगदी साधे आहे. या वयात बोलण्याचा वेग आणि पेन्सिलीचा वेग यांत फार अंतर असते. ‘म्है’ कसे लिहायचे, दोन मात्रा की एक, याचा विचार करेपर्यंत मनातली म्हैस बाजार ओलांडून गेलेली असते. मग मूल जे पाठ आहे आणि ज्यात चूक होणार नाही, तेवढेच लिहिते.

म्हणून लिहिण्याआधी सांगणे हवे, आणि तेही शिक्षकांना नव्हे, शेजारच्या मुलाला. माझ्या वर्गात मी जोड्या करून देत असे. एकाने घडलेली किंवा रचलेली गोष्ट सांगायची. दुसऱ्याचे काम एवढेच की, जिथे कळले नाही तिथे प्रश्न विचारायचा. ‘तेव्हा तू कुठं होतास?’, ‘अंधार होता का?’, ‘मग तुझी आई काय म्हणाली?’ असे प्रश्न मुले आपण शिकवण्याआधीच विचारतात. नंतर लिहायला बसताना प्रत्येकाने आपल्याला विचारलेल्या किमान दोन प्रश्नांची उत्तरे गोष्टीत आणायची, एवढाच नियम मी ठेवला होता. चार ओळींत संपणाऱ्या गोष्टी या एका नियमाने पानभर लांबल्या, आणि त्या पाणी घालून लांबल्या नव्हत्या. वाचणाऱ्याला काय ठाऊक नाही, याची जाणीव मुलांना अशी होते. ‘सविस्तर लिहा’ ही आपली नेहमीची सूचना ती करून देऊ शकत नाही, कारण सविस्तर म्हणजे काय, हेच मुलाला माहीत नसते.

गोष्टीची बांधणी शिकवण्यासाठी नवे साहित्य विकत आणण्याची गरज नाही. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट बहुतेक मराठी घरांत सांगितली जाते. तिसरीच्या वर्गात मी ती सांगून झाल्यावर तीन प्रश्न विचारत असे : म्हातारीला काय हवे आहे, तिच्या आड कोण येते, आणि ती कोणती युक्ती काढते? मुले चटकन उत्तरे देतात. मग मी विचारी, की वाघ आणि कोल्हा जाताना भेटतात, ते येताना भेटलेच नाहीत तर? वर्गात क्षणभर शांतता पसरते आणि कोणीतरी म्हणते, ‘मग भोपळा कशाला?’ जाताना दिलेला शब्द येताना अंगाशी येतो आणि त्यातून भोपळा निघतो, हे मुलाला त्या क्षणी दिसते. कथेतील कारण आणि परिणाम यांवर मी व्याख्यान दिले असते, तर यातले काही हाती लागले नसते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचेही तसेच. ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते’ हे वाक्य थोडेथोडे बदलून पुन्हा पुन्हा येते आणि बाहेर कावळा भिजत राहतो. त्या पुनरावृत्तीने ऐकणाऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो, हे मुलांनी ओळखले की ती आपल्या गोष्टींत तशीच रचना करून पाहतात. या दोन्ही गोष्टी सांगणाऱ्या आजीने शेवटी तात्पर्य विचारल्याचे मला तरी आठवत नाही. पंचतंत्रातील कथांना बोध आहे आणि तो त्यांना शोभतो, परंतु प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला बोध बांधलाच पाहिजे, हा आपल्या शाळांनी लावून घेतलेला दंडक आहे.

विषयाबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. ‘मी पाहिलेली जत्रा’ किंवा ‘आमची सहल’ असा मोठा विषय दिला की मूल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचे सगळे यादीसारखे लिहिते आणि जत्रा दोन ओळींत आटोपते. विषय जितका लहान, तितकी गोष्ट मोठी होते, असा माझा अनुभव आहे. हरवलेली कोंबडी, पायातून तुटलेली चप्पल, चुकीच्या एसटीत चढलेले आजोबा, दळण आणायला गेल्यावर गेलेली वीज, असा एखाद्या तासाभरात घडून जाणारा प्रसंग द्यावा. कधी मी टेबलावर एक गंजलेली किल्ली ठेवून, ती कोणाची असेल आणि तो माणूस आता काय करत असेल, एवढेच विचारत असे. पुस्तकातल्या चार चित्रांवरून गोष्ट लिहायची असेल, तर पहिल्या चित्राच्या आधी काय घडले होते, हे विचारून पाहावे, म्हणजे सगळ्यांच्या गोष्टी एकसारख्या निघत नाहीत.

आमच्या भागातील मेंढपाळ कुटुंबे पावसाळा सरला की मेंढरे घेऊन कोकणाकडे चालत जातात. त्यांच्यातील एक मुलगा वर्षातले काही महिनेच माझ्या वर्गात असे. घाट उतरतानाची रात्र, वाघर, म्हणजे जाळी, लावून कोंडलेली मेंढरे आणि अंधारात भुंकणारी कुत्री, एवढे सगळे गाठीशी असलेल्या त्या मुलाने ‘सहल’ या विषयावर काय लिहावे? ‘आम्ही बसने महाबळेश्वरला गेलो. खूप मजा आली.’ तो महाबळेश्वरला कधीही गेला नव्हता. शेजाऱ्याच्या वहीत होते ते त्याने उतरवले होते, कारण शाळेत काय लिहिलेले चालते, याचा अंदाज त्याने बरोबर बांधला होता. दोष माझ्या विषयाचा होता, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

आता भाषेविषयी, कारण बहुतेक शिक्षकांची अडचण तिथे आहे. पहिली अडचण ‘मग’ची. ‘मग आजी उठली. मग आजीने चूल पेटवली. मग आजीने चहा केला.’ हा शब्द फळ्यावर लिहून त्यावर फुली मारणारे शिक्षक मी पाहिले आहेत. परंतु ‘मग’ हा लहान मुलाच्या गोष्टीचा कणा असतो. पहिल्या लेखनात तो काढला की गोष्टच थांबते. दुसऱ्यांदा लिहिताना मात्र त्यावर काम करता येते, आणि मराठीने त्यासाठी फार सोयी करून ठेवल्या आहेत. ‘आजीने उठून चूल पेटवली’, ‘चहा उकळताना दार वाजले’, ‘दार उघडल्यावर पाहते तर कोणीच नाही’ अशी ‘ऊन’, ‘ताना’ आणि ‘ल्यावर’ यांची वाक्ये मुले रोज बोलतात. ती लिहिताही येतात, एवढे त्यांना दाखवून द्यावे लागते. तीन ‘मग’ राहू द्या आणि बाकीच्यांच्या जागी ‘तेवढ्यात’, ‘तोवर’, ‘दुसऱ्या दिवशी’ यांतले काय बसते ते बघा, असा खेळ चौथीची मुले आवडीने खेळतात. व्याकरणाच्या तासाला रूक्ष वाटणारी ही रूपे इथे त्यांना उपयोगाची वाटतात.

दुसरी अडचण बोलीची. माणदेशातले मूल ‘गेलतो’, ‘आलती’, ‘न्हाय’ असे बोलते आणि तसेच लिहिते. त्याला प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे काम आहेच आणि त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु गोष्टीतील आजी जेव्हा बोलते, तेव्हा तिने प्रमाण मराठीत का बोलावे? या बाबतीत आपले लेखनविषयक नियम आपल्यापेक्षा उदार आहेत. राज्य शासनाने 1962 मध्ये मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतच अशी मुभा आहे की, कोणाच्या तोंडी वाक्ये घालताना त्या व्यक्तीच्या उच्चाराप्रमाणे ‘केलं’, ‘म्हटलं’ असे अनुस्वार देऊन लिहावे आणि इतरत्र ‘केले’, ‘म्हटले’ अशी रूपे वापरावीत. मी मुलांना याच आधारावर सांगत असे की, अवतरणचिन्हांच्या आत माणसे जशी बोलतात तशी बोलू द्या आणि चिन्हांच्या बाहेर पुस्तकासारखे लिहा. त्यामुळे दोन गोष्टी एकदम साधल्या. अवतरणचिन्हे मुले आपण होऊन आणि अचूक वापरू लागली, आणि बोली व प्रमाणभाषा यांतील फरक त्यांना चूक-बरोबर असा न समजता जागेप्रमाणे बदलणारा असा समजला. ‘न्हाय’वर लाल रेघ ओढली की मूल पुढच्या वेळी संवादच लिहीत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि संवाद गेला की गोष्टीतला बहुतेक जीव जातो.

लाल रेघेवरून तपासणीचा मुद्दा निघाला, तोही सांगून टाकते. पहिला खर्डा शुद्धलेखनासाठी तपासूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वहीचे डावे पान पहिल्यांदा लिहिण्यासाठी आणि समोरचे उजवे पान पुन्हा लिहिण्यासाठी, अशी विभागणी आम्ही केली होती. डाव्या पानावर शिक्षकाने फक्त दोन गोष्टी लिहायच्या : आवडलेल्या एका वाक्याखाली रेघ आणि समासात एक खराखुरा प्रश्न. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ हे शेरे मुलाला काहीच सांगत नाहीत. ‘कुत्रा भुंकला तेव्हा तू पळालास की उभा राहिलास?’ हा प्रश्न त्याला उजव्या पानावर नेतो. शुद्धलेखनाचा एकच नियम त्या आठवड्यापुरता घ्यायचा, जसे की मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा, आणि उजव्या पानावर तेवढाच तपासायचा. बाकीच्या चुका दिसत असतानाही हात आवरावा लागतो आणि ते शिक्षकाला फार जड जाते. पालकही वही घेऊन येतात आणि ‘बाई, तुम्ही चुका काढतच नाही’ अशी तक्रार करतात. मी त्यांना जूनमधले पान आणि डिसेंबरमधले पान शेजारी ठेवून दाखवत असे.

यावर शिक्षक बांधव विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे, की या सगळ्याला वेळ कोठून आणायचा? 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, असे उद्दिष्ट आहे आणि शाळेचा सगळा जोर तिकडे लागतो. शिष्यवृत्ती परीक्षा पर्याय निवडण्याची, तिथे गोष्ट लिहावी लागत नाही. वाचन आधी पक्के झाले पाहिजे, हे मला मान्य आहे. परंतु आपण सांगितलेलीच गोष्ट कागदावर उतरली, तर ती वाचायला मूल आपोआप धडपडते. पहिली-दुसरीत मूल सांगे आणि मी फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहून घेई. मग तोच त्या दिवशीचा वाचनपाठ होत असे. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन वर्ग बसतात ही अडचण खरी, पण इथे तिचाच उपयोग झाला. चौथीच्या मुलांना मी पहिलीच्या मुलांचे लेखनिक केले. धाकट्याने सांगायचे, थोरल्याने लिहायचे आणि शेवटी वाचून दाखवायचे. ‘मी असं नव्हतो म्हणालो’ असे पहिलीतले मूल ठणकावून सांगते, तेव्हा चौथीतल्या लेखनिकाला शब्द खोडून नेमका शब्द शोधावा लागतो. पुनर्लेखनाचे याहून चांगले शिक्षण मला देता आले नसते. यासाठी आठवड्यातला भाषेचा एक तास पुरतो, मात्र तो दर आठवड्याला हवा. वर्षातून एकदा स्पर्धेपुरती गोष्ट लिहून घेण्याने काही साधत नाही.

लिहिलेले वाचणारा कोणी तरी हवा, ही शेवटची अट. वही तपासून कपाटात गेली की त्या गोष्टीचा वाचक एकटा शिक्षक. परिपाठात रोज एक गोष्ट वाचली जावी, महिन्याला एक भित्तिपत्रक लागावे, वर्षाअखेरीस हस्तलिखित निघावे. हे सगळे आपल्याकडे जुनेच आहे, फक्त अलीकडे ते निरीक्षणाच्या दिवसापुरते उरले आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. त्याचा अंक शाळेत येत असेल, तर तो कपाटात नव्हे, मुलांच्या हातात असावा. सध्या काही घरांतून मोबाइलवर तयार करून घेतलेल्या गोष्टी वहीत उतरवून येतात. त्यावर बंदीचे फर्मान काढण्यापेक्षा गोष्ट वर्गातच, सांगून आणि समोरासमोर बसून लिहून घेतली, तर तो प्रश्न उद्भवत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी मुद्दे देऊ नयेत, पहिले वाक्य द्यावे किंवा एखादी वस्तू समोर ठेवावी. लिहिण्याआधी दहा मिनिटे मुलांना आपसांत बोलू द्यावे आणि तात्पर्याचे गुण गुणदानाच्या तक्त्यातून वगळावेत. आपल्याला विनंती अशी की, आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा प्राथमिक शाळेतील मुलाने लिहिलेली एक गोष्ट, तिची भाषा न सुधारता, छापावी. खाली इयत्ता आणि गावाचे नाव पुरे. त्या चौथीतल्या मुलीच्या घरच्यांना विचारून तिचा कागद मी ठेवून घेतला आहे. त्यांची हरकत नसेल, तर पहिली गोष्ट म्हणून तो पाठवीन. त्यात ‘फडके’ हा शब्द तिने ‘फडकं’ असा लिहिला आहे, तो तसाच राहू द्यावा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. माण, जि. सातारा